संशोधन कक्षात नव्याने येणाऱ्या सहकाऱ्यांसाठी

विद्यापीठाच्या संशोधन कक्षात बरीच वर्षे काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, नव्याने रुजू झालेल्या सहायक प्राध्यापकांना प्रशासनाकडून मार्गदर्शनपर भाषणांची फारशी गरज नसते. आपली फाईल कोणाच्या टेबलावर आणि कोणत्या शेऱ्यासाठी अडली आहे, हे सांगणारे माणूस त्यांना हवे असते. पीएच.डी. करताना टिपणी कशी सादर करावी हे त्यांना कोणी शिकवलेले नसते आणि लिपिकाला विचारायचा संकोचही असतो.

अनुदानाच्या अर्जाला संस्थाप्रमुखांच्या सहीचे संमतिपत्र लागते आणि ते नेमके शेवटच्या दिवशी मागितले जाते. म्हणून एएनआरएफच्या (केंद्राच्या संशोधन निधी देणाऱ्या संस्थेच्या) प्रधानमंत्री अर्ली करिअर रिसर्च ग्रँटची किंवा आयसीएसएसआरच्या (सामाजिक शास्त्रांतील संशोधनाला निधी देणाऱ्या परिषदेच्या) प्रकल्पांची जाहिरात निघाली की, त्या त्या विभागातील नव्या प्राध्यापकांना आपणहून कळवावे आणि संमतिपत्राचा मसुदा तयार ठेवावा. (एएनआरएफ ज्या मंडळाच्या जागी आली त्याच्या नावाने जुनी मंडळी तिला अजूनही ‘सर्ब’च म्हणतात, तेव्हा घोटाळा होऊ देऊ नये.)

खरी कसोटी अनुदान मंजूर झाल्यावर लागते. उपकरण घ्यायचे ठरले की प्राध्यापक कंपनीचे माहितीपत्रक आणतात आणि त्यातलीच वैशिष्ट्ये जशीच्या तशी उतरवून काढतात. मग तपशील एकाच कंपनीला अनुकूल असल्याचा आक्षेप लेखापरीक्षणात निघतो. त्यांच्यासोबत अर्धा तास बसून मोजमापाची मर्यादा किती हवी, अचूकता किती हवी, एवढेच कंपनीच्या नावाशिवाय लिहून घ्यावे. वस्तू जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर नसेल, तर तसा अहवाल काढून त्याच दिवशी नस्तीला जोडावा, कारण लेखापरीक्षक तो कधीकधी प्रकल्प संपल्यानंतरही मागतात.

अनुदान कसे खर्च झाले हे दाखवणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्राचे तर विचारूच नये. त्याच्या जीएफआर १२-अ (केंद्राच्या वित्तीय नियमांतील) नमुन्यात शिल्लक, खर्च आणि बँकेचे व्याज यांचा मेळ बसला नाही, की पुढचा हप्ता थांबतो आणि त्यासोबत प्रकल्पावरील संशोधन विद्यार्थ्याचे विद्यावेतनही. ३१ मार्चला वर्ष संपते, म्हणून एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच लेखा विभागाकडून प्रकल्पाच्या खात्याचा उतारा मागवून घ्यावा. प्राध्यापकांच्या आठवणीवर विसंबू नये.

वेळेच्या बाबतीतही आपल्या हातात वाटते त्याहून अधिक असते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकाचा प्रत्यक्ष अध्यापनाचा भार आठवड्याला १६ तासांचा आहे. त्यावर प्रवेश, परीक्षा आणि नॅकच्या (संस्थेच्या मूल्यांकनाच्या) समित्या येतात, आणि त्या बहुधा सर्वांत तरुण माणसाच्या गळ्यात पडतात. समितीच्या आदेशाची टिपणी आपणच करतो. तिच्यात संबंधितांकडे आधीपासून असलेल्या समित्यांची नोंद केली, तर कुलसचिवांना नाव बदलायला कारण मिळते. वरिष्ठांना हे रुचेलच असे नाही, तरी नोंद करावी.

ग्रंथालयाची मदत मात्र आपण फार कमी घेतो. यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाल्यापासून बनावट नियतकालिके ओळखण्याची जबाबदारी संस्थेवरच आली आहे, आणि १ जानेवारी २०२५ पासून केंद्राच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेखाली सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय संस्थांना खुली झालेली असूनही अनेक नवे प्राध्यापक ओळखीच्यांकडून लेख मागवत बसतात. रुजू झाल्याच्या पहिल्याच महिन्यात ग्रंथपालांसोबत त्यांची बैठक ठरवावी, आणि ती तासिका संपल्यानंतरच्या वेळेत ठेवावी.