खेळाच्या कोर्टासाठी प्लास्टिक टाइल्स निवडताना

सोसायटीच्या किंवा शाळेच्या आवारात बास्केटबॉलचे कोर्ट करायचे ठरले की दोन-तीन विक्रेत्यांची कोटेशने येतात आणि सारी चर्चा रंग व चौरस फुटाचा भाव यांतच अडकते. उघड्यावरच्या कोर्टात टाइलचा खरा कस मात्र जोडात लागतो, म्हणून तुलनेची सुरुवात तिथूनच करावी.

बहुतेक टाइल्स पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. तापमान 10 अंश सेल्सिअसने वाढले की हे प्लास्टिक मीटरमागे साधारण 1 मिलिमीटर प्रसरण पावते. पूर्ण कोर्ट 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद असते. पहाटेपासून भर दुपारपर्यंत टाइल्स 30 अंशांनी तापल्या, तर लांबीत सुमारे 8 सेंटीमीटरांची वाढ होऊ पाहते आणि तिला जागा मिळाली नाही, तर टाइल्स फुगून वर येतात. प्रत्येक विक्रेत्याकडून नऊ टाइल्स मागवून त्या जोडाव्यात, दुपारच्या उन्हात ठेवाव्यात आणि जोड किंचित सरकून पुन्हा जागेवर येतो का, हे हाताने ओढून-दाबून पाहावे. कडेला भिंत किंवा कठडा असल्यास किती मोकळी जागा सोडणार, हे लेखी घ्यावे.

वजनावरून दर्जा ठरवणे फसवे आहे, कारण खडूची भुकटी मिसळूनही टाइल जड करता येते. शुद्ध पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असते. रबरी भाग नसलेला तुकडा बुडवून त्यातले हवेचे बुडबुडे झटकल्यावरही तो तळाशी गेला, तर भेसळीविषयी विक्रेत्याला अवश्य विचारावे.

कोकणासारख्या पावसाच्या प्रदेशात उघड्यावर जाळीदार टाइल घ्यावी. जाळीतून पाणी खाली उतरते खरे, पण तळाला उतार नसेल तर ते तिथेच साचून शेवाळ आणि डास वाढतात. काँक्रीटला 1 टक्का, म्हणजे 15 मीटर रुंदीला 15 सेंटीमीटर उतार हवा. 3 मीटरची सरळ पट्टी ठेवल्यावर खाली 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसू नये. तशी दिसली तर आधी तळ दुरुस्त करावा, कारण खळग्यावरची टाइल पोकळ वाजते आणि तिथे चेंडूची उसळी मरते. या कामात काटकसर करू नये, असे माझे ठाम मत आहे.

बंदिस्त सभागृहासाठी युरोपीय मानक ईएन 14904 चा चाचणी अहवाल मागावा. त्यात काँक्रीटच्या तुलनेत किमान 25 टक्के आघातशोषण आणि किमान 90 टक्के चेंडूची उसळी अपेक्षित असते. अहवाल कोटेशनमधल्याच टाइलचा आहे ना, हे मॉडेलच्या नावावरून पडताळावे. केवळ बॅडमिंटन खेळायचे असेल, तर लाकडी तळावरची मॅट अधिक योग्य ठरते.

ऑर्डर देताना त्याच उत्पादन-खेपेतल्या काही जादा टाइल्स घेऊन ठेवाव्यात, कारण पुढच्या खेपेत रंगाची छटा बदलू शकते आणि साच्यात बदल झाला असेल तर जुना जोड नव्याला बसत नाही.