घरातील हवेसाठी शुद्धीकरण यंत्र निवडताना

एअर प्युरिफायर विकत घेण्यापूर्वी आपल्या घरातला त्रास कणांचा आहे की वायूंचा, हे आधी ठरवावे. कारण एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या या यंत्रांत निरनिराळी तंत्रे असतात आणि एकाचे काम दुसरे करत नाही. शेजारच्या बांधकामाची धूळ, उदबत्तीचा आणि फोडणीचा धूर, बुरशीचे बीजाणू हे कण होत. ताज्या रंगाचा उग्र वास किंवा नव्या प्लायवूडमधून सुटणारे फॉर्मल्डिहाइड हे वायू.

कणांसाठी हेपा फिल्टरला, म्हणजे बारीक तंतूंच्या दाट जाळ्याला, आजही तोड नाही. अमेरिकी मापदंडाप्रमाणे त्याने ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९९.९७ टक्के कण अडवले पाहिजेत. नेमका हाच आकार धरण्याचे कारण असे, की मोठे कण तंतूंवर आपटून अडकतात आणि फार लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात, वेडेवाकडे फिरत तंतूंना चिकटतात. निसटतात ते मधलेच, म्हणून परीक्षा त्यांची. खोक्यावर नुसते ‘हेपा टाइप’ लिहिलेले असेल तर ते कोणत्याही प्रतीचे प्रमाण नव्हे. एच१३ अशी युरोपीय मापदंडातली स्पष्ट श्रेणी दिलेली आहे का, ते पाहावे.

फिल्टर उत्तम असूनही त्यातून हवाच पुरेशी जात नसेल तर उपयोग नाही. त्यासाठी सीएडीआर, म्हणजे यंत्र दर तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देते, हा आकडा विचारावा. बारा बाय दहाची, नऊ फूट उंचीची खोली साधारण ३० घनमीटरची असते. तिची हवा तासाला पाच वेळा गाळायची तर सीएडीआर किमान १५० हवा. मात्र हा आकडा बहुधा पंखा पूर्ण वेगात असतानाचा असतो आणि त्या आवाजात रात्री झोप लागणे कठीण, तेव्हा हिशेबापेक्षा दीडपट क्षमतेचे यंत्र घेऊन ते मध्यम वेगावर चालवणे शहाणपणाचे.

वास आणि वायू यांसाठी सक्रिय कोळसा, म्हणजे वायू धरून ठेवणारा सूक्ष्म छिद्रांचा कोळसा, लागतो, आणि इथे सगळा प्रश्न वजनाचा आहे. स्वस्त यंत्राचे झाकण उघडले तर कोळशाची पूड लावलेली पातळ काळी जाळी दिसते. ती काही आठवड्यांतच निकामी होऊ शकते. भरघोस दाणेदार कोळसा अधिक टिकतो, परंतु दमट हवेत पाण्याची वाफ त्याची छिद्रे व्यापते, त्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यात त्याची ताकद घटते. संपृक्त झालेला कोळसा धरलेला वास परत सोडूही शकतो.

आयोनायझर कणांना विद्युतभार देतो. ते हवेतून कमी होतात खरे, पण भिंतीवर, पडद्यांवर जाऊन बसतात आणि झाडताना पुन्हा उडतात. यंत्रामागच्या भिंतीवर काळपट डाग पडतो तो यामुळेच. विद्युतभारित पट्ट्यांची यंत्रे ही धूळ आतच धरतात आणि त्या पट्ट्या धुताही येतात, पण धुण्याचा कंटाळा केला की कार्यक्षमता झपाट्याने उतरते. या दोन्हींतून ओझोन हा फुप्फुसांना त्रासदायक वायू थोडाफार निघू शकतो. कॅलिफोर्नियात घरगुती यंत्रांसाठी ओझोनची मर्यादा दशलक्ष भागांत ०.०५ भाग इतकी आहे. मुद्दाम ओझोन सोडणारी यंत्रे तर राहत्या घरात आणूच नयेत.

अतिनील दिव्याने धूळ हटत नाही. जंतूंवरही तो तेव्हाच चालतो, जेव्हा हवा त्याच्यासमोर पुरेसा वेळ राहते, आणि छोट्या यंत्रात ती क्षणात निघून जाते. प्रकाश-उत्प्रेरक तंत्र प्रकाशाच्या मदतीने वायूंचे विघटन करते, पण ते अर्धवट झाले तर फॉर्मल्डिहाइडच तयार होऊ शकते. या दोन्हींसाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. कुंडीतली झाडे घरातली हवा शुद्ध करतात असे म्हणतात, त्याविषयी एवढेच, की १९८९ सालचा नासाचा गाजलेला प्रयोग बंदिस्त पेट्यांत झाला होता, नेहमीच्या खोलीत नव्हे.

गॅस गिझरमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड यांपैकी कोणतेही घरगुती यंत्र भरवशाने काढत नाही. तिथे गिझर न्हाणीघराबाहेर बसवणे आणि झरोका उघडा ठेवणे हाच उपाय आहे. यंत्र घेताना बदली फिल्टरची किंमत आणि तो आपल्या गावात मिळतो का, याची चौकशी करावी, आणि कंपनीने स्पष्ट सांगितल्याशिवाय हेपा फिल्टर पाण्याने धुऊ नये.