वॉलाय माशासाठी उत्तर ओंटारियोत निघालात? या चुका टाळा

कॅनडातल्या ओंटारियो प्रांताच्या वायव्येला रेड लेक नावाचं गाव आहे. हायवे १७ सोडून १०५ ला लागलं की पावणेदोनशे किलोमीटर जंगल, आणि मग हे गाव. त्याच्या पुढच्या तळ्यांवरच्या लॉजला रस्ताच नाही. पाण्यावर उतरणारं छोटं विमान तुम्हाला तिथे सोडतं आणि ठरलेल्या दिवशी न्यायला येतं. मधल्या काळात विसरलेली वस्तू मिळत नाही. म्हणून इथल्या बहुतेक सहली तळ्यावर नाही, घरीच बिघडतात.

आमचंही तसंच झालं. पहिल्या खेपेला टोरोंटोजवळच्या मिसिसागाहून आम्ही चौघं गेलो, चाकांच्या टणक बॅगा घेऊन. धक्क्यावर वजनकाटा होता. काटा मर्यादेच्या बराच पुढे गेला आणि विमान वाट बघत असताना घाईघाईत सामान कमी करावं लागलं. रेनकोट गाडीत राहिले. पुढचे तीन दिवस पाऊस होता.

माणशी किती वजन चालेल हे बुकिंग करतानाच लेखी विचारून घ्या. त्यात गळाच्या काठ्या, खाणंपिणं, सगळंच धरलेलं असतं. घरच्या काट्यावर बॅग एकदा तोलून बघा. बीव्हर किंवा ऑटर विमानात सामान कोपऱ्यांत कोंबावं लागतं, तिथे मऊ डफल बॅगच बसते. काठी दोन तुकड्यांची घ्या. सगळ्यात जड असतात बाटल्या आणि कॅन, ते लॉजवरच मागवता येतात का ते विचारा. अस्वलासाठीचा स्प्रे किंवा गॅसचं नळकांडं असेल तर पायलटला आधी सांगा, ते केबिनमध्ये ठेवायचं नसतं.

आमिष घरून नेऊ नका

ही चूक आपली माणसं फार करतात, कारण शहरात स्वस्त मिळतं. अमेरिकेतून जिवंत मासे किंवा जळवा ओंटारियोत आमिष म्हणून आणणं बेकायदा आहे. ओंटारियोच्या आतही २०२२ पासून आमिषाचे मासे आणि जळवा ज्या विभागात पकडल्या त्याच विभागात वापराव्या लागतात. म्हणजे टोरोंटोजवळ घेतलेल्या जळवा रेड लेकला चालत नाहीत. तिथल्याच परवानाधारक दुकानातून घ्या आणि पावती खिशात ठेवा. हा जाच वाटेल, पण एका तळ्याचा रोग दुसऱ्या तळ्यात जाऊ नये यासाठीच तो आहे आणि मला तो मनापासून पटतो.

दिवस चुकला की जागा चुकते

त्या भागात वॉलायचा हंगाम मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो. तेव्हा बर्फ नुकताच गेलेला असतो, मासा अंडी घालून नदीच्या मुखाशी आणि धबधब्यांच्या पायथ्याशी रेंगाळत असतो, दोन-तीन मीटर पाण्यातही मिळतो. जुलैत तो पाणवनस्पतींच्या कडेला आणि बुडालेल्या खडकांवर सरकतो, ऑगस्टमध्ये आणखी खोल उंचवट्यांवर. आधीच्या वर्षी जूनमध्ये जिथे भरभरून मिळाला तिथेच ऑगस्टमध्ये दोन दिवस नाव बांधून बसणारे मी पाहिले आहेत. जागा वाईट नव्हती, महिना वेगळा होता. आणि जूनमध्ये जाणार असाल तर काळ्या माश्या चावणारच. डोक्यावरची जाळी आणि डीट (किडे दूर ठेवणारं औषध) न्या, पण डीट लावलेल्या हाताने प्लास्टिकचं आमिष धरू नका, ते विरघळून चिकट होतं.

वॉलायला तिथले लोक पिकरेल म्हणतात. त्याच्या डोळ्यांत मागे प्रकाश परतवणारा थर असतो, म्हणून अंधुक उजेडात त्याला इतर माशांपेक्षा चांगलं दिसतं. ऊन लख्ख असताना शांत, आरशासारख्या खाडीत बसणं म्हणजे दिवस वाया घालवणं. वाऱ्याने पाणी डुचमळलेली बाजू शोधा, तिथे ऊन पाण्यात कमी शिरतं, मात्र लाइफ जॅकेट घालूनच. जूनमध्येही पाणी जीव गारठवण्याइतकं थंड असतं.

मासा लागत नसेल तर आधी शिसं बघा. साडेतीन ते सात ग्रॅमचं जिग, म्हणजे शिशाचं डोकं असलेली गरी, बहुतेक वेळा पुरतं. ते तळाला टेकल्याची बारीक टकटक बोटाला लागली पाहिजे. लागत नसेल तर थोडं जड लावा, सारखं अडकत असेल तर हलकं. वॉलाय हिसका देतोच असं नाही. कधीकधी गरीला ओलं फडकं अडकल्यासारखं नुसतं जड वाटतं. तेवढ्यावर काठी उचलायची. तंगूस ब्लेडने कापल्यासारखा तुटून आला तर तो पाइक, म्हणजे धारदार दातांचा दुसरा मासा होता. दर वेळी पोलादी तार लावण्यापेक्षा मी चार जिग जास्त नेतो, कारण जाड तारेने वॉलाय बिचकतो.

कागदपत्रं आणि घड्याळ

अमेरिकेतून येणाऱ्या मराठी मंडळींसाठी: भारतीय पासपोर्ट आणि एच-१बी असेल तर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो. ग्रीन कार्ड असेल तर लागत नाही, पण पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवेत. दारू पिऊन गाडी चालवल्याची जुनी नोंद असेल तर सीमेवरून परत पाठवू शकतात, ते आधी मिटवा.

रेड लेकचं घड्याळ टोरोंटोच्या एक तास मागे चालतं. परतीच्या विमानाचं गणित इथे चुकतं. शिवाय ही छोटी विमानं डोळ्यांनी दिसेल तेव्हाच उडतात. धुकं किंवा वणव्याचा धूर असेल तर दिवस जातो. पुढचं तिकीट किमान एक दिवस सोडून काढा, रोजची औषधं तीन-चार दिवसांची जास्त ठेवा.

मोबाइलला रेंज नसते, म्हणून सॅटेलाइट मेसेंजर जरूर न्या. तोच घेऊन भारतात मात्र जाऊ नका. परवान्याशिवाय तो तिथे बेकायदा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन प्रवासिनीला त्यावरून ताब्यात घेतलं होतं.

मोठा मासा आणि खोल पाणी

रेड लेकच्या भागात साध्या परवान्यावर चार वॉलाय ठेवता येतात, कॉन्झर्वेशन परवान्यावर दोन, आणि त्यांत ४६ सेंटिमीटरहून मोठा एकच. लॅक सूलसारख्या तळ्यांचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे त्या वर्षीचं नियमपत्रक वाचूनच निघा. मोठ्या वॉलाय बहुतेक माद्या असतात, थंड पाण्यात त्या फार सावकाश वाढतात. नियम एक ठेवू देत असला तरी मी ठेवत नाही.

याहून वाईट चूक म्हणजे नऊ-दहा मीटरच्या खालून मासे काढून सोडत राहणं. झपाट्याने वर आलेल्या माशाचा वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, फुगतो. सोडल्यावर तो पोट वर करून पाण्यावर तरंगतो, शेपूट मारतो, खाली जाऊ शकत नाही. हे एकदा जवळून पाहिलं की विसरता येत नाही. खोल पाण्यात मासे लागत असतील तर खाण्यापुरते घ्या आणि तिथून हला.

घरी न्यायच्या तुकड्यांवर कातडीचा थोडा भाग राहू द्या आणि तुकडे वेगवेगळे बांधा, म्हणजे तपासणीत जात आणि संख्या ओळखता येते. उरलेले तिथेच काठावर तळा. आम्ही कोकमाचं आगळ, हळद, तिखट आणि रव्याची पुडी नेतो. सगळं मिळून पाव किलोही भरत नाही. फक्त त्या भागात आगबंदी लागू आहे का, हे उडण्याआधी विचारा. असेल तर चूल पेटवता येत नाही आणि लॉजचा गॅसचा शेगडा मागून घ्यावा लागतो.