‘झालं का?’ विचारणाऱ्या आजी

इंजिनिअरिंगनंतर पुण्यात अल्झायमरच्या एका संशोधन प्रकल्पावर रुजू झाले. या वाटेने येऊ पाहणाऱ्यांना सांगावंसं वाटतं ते असं.

अल्झायमर म्हटलं की सगळे हिप्पोकॅम्पसबद्दल, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी निगडित भागाबद्दल बोलतात. आमचं काम श्वेतद्रव्यावर, म्हणजे मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंच्या जुडग्यांवर. त्यासाठी डीटीआय (डिफ्युजन टेन्सर इमेजिंग) हा एमआरआयचा प्रकार वापरतात. बॅसर, मॅटिएलो आणि ल बिहान यांनी तो १९९४ मध्ये मांडला. पाण्याचे रेणू तंतूंच्या लांबीने सहज सरकतात, आडवे कमी. हा दिशेचा कल एफए (फ्रॅक्शनल अ‍ॅनिसोट्रॉपी) या ० ते १ मधल्या आकड्यात मोजतात. तंतू झिजले की सहसा एफए उतरतो. सुरुवातीच्या टप्प्यात फॉर्निक्स आणि सिंग्युलम या स्मृतीशी निगडित जुडग्यांकडे विशेष लक्ष असतं.

माझ्या पहिल्याच तुलनेत रुग्ण आणि निरोगी गटांत ठसठशीत फरक आला. मी हरखले. प्रयोगशाळेतली ताई एवढंच म्हणाली, “आधी कच्च्या प्रतिमा उघड.” बऱ्याच रुग्णांचं डोकं स्कॅन चालू असताना हललं होतं, आणि नुसत्या हलण्यानेही एफए बदलतो.

कारण कळलं ते डेक्कनला स्कॅन बघायला गेल्यावर. एका आजींनी मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी काढून सुनेकडे दिली. टेक्निशियन दादांनी “हलायचं नाही हं” असं नीट समजावलं. पाचच मिनिटांत आजींनी मान उचलून विचारलं, “झालं का?” सूचनाच विसरल्या होत्या त्या. म्हणजे ज्या विसरण्याचा आम्ही शोध घेत होतो, तेच मोजमापात शिरत होतं! तेव्हापासून आम्ही प्रत्येक सिक्वेन्सआधी, म्हणजे स्कॅनच्या प्रत्येक फेरीआधी इंटरकॉमवरून पुन्हा सांगतो, घाई न करता.

फॉर्निक्सचीही एक अडचण आहे. ते बारीक आणि द्रवाने भरलेल्या पोकळीला लागून असतं. मेंदू आक्रसला की तो द्रव त्याच व्हॉक्सेलमध्ये, म्हणजे प्रतिमेच्या इवल्याशा घनात मिसळतो आणि तंतू शाबूत असले तरी एफए खाली येतो. म्हणून शरीररचना शिकल्याशिवाय आकड्यांवर बोलू नका.

लिनक्स, एफएसएल (मेंदूच्या प्रतिमा तपासायचं सॉफ्टवेअर), पायथन हे सरावाने येतं. डेटासाठी २००४ मध्ये सुरू झालेल्या एडीएनआय या अल्झायमरच्या मेंदू-प्रतिमा गोळा करणाऱ्या प्रकल्पाकडे अर्ज करता येतो. पण पहिले काही आठवडे नुसते स्कॅन बघा, बाजूच्या छेदातूनही. हालचालीमुळे काही काप काळे पडलेले असतात. समोर एकेक आडवा काप असताना ते निसटतात, बाजूने पाहिलं की पट्ट्यांसारखे उठून दिसतात.