ऊसतोडीच्या गावात मुलांचं नाटक : उचल घेण्याआधी 'थांबा' म्हणायला शिकवताना

ऊसतोडीला जाणाऱ्या गावात मुलांबरोबर बालविवाह आणि मानवी तस्करीविरुद्ध नाटक करायचं असेल तर ते जून ते सप्टेंबर याच काळात करावं. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणीसारख्या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे आणि थेट कर्नाटकातल्या कारखान्यांवर निघतात. परततात त्या मार्च-एप्रिलमध्ये. उचल, म्हणजे मजूर जमवणाऱ्या मुकादमानं दिलेली आगाऊ रक्कम, मात्र निघण्याच्या कितीतरी आधी घरात आलेली असते आणि पोरांचं काय करायचं हेही तेव्हाच ठरतं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडीला उचल मिळते, म्हणून पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न उरकलं जातं. कुठे मुलगा वर्षाच्या बोलीवर मेंढ्यांमागे जातो, कुठे 'पुण्यात घरकाम आहे, शाळेतही घालते' म्हणणाऱ्या ओळखीच्या बाईबरोबर मुलगी जाते. नोव्हेंबरात प्रयोग लावला तर समोर म्हातारी माणसं आणि हंगामी वसतिगृहातली, म्हणजे आई-बाप ऊसतोडीला गेल्यावर गावात ठेवलेली मुलंच उरतात.

म्हणून पोतं घेऊन येणारा अनोळखी चोर नाटकात आणू नये. मुलं त्या चोराला घाबरायला शिकतात आणि मामाच्या ओळखीच्या माणसाबरोबर निर्धास्त निघून जातात. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्येही आमिष दाखवणं आणि ज्याच्या ताब्यात व्यक्ती आहे त्याला पैसे देऊन संमती मिळवणं, या दोन्ही गोष्टी मानवी तस्करीच्या साधनांत मोजल्या आहेत, आणि पीडिताची स्वतःची संमती गैरलागू ठरवली आहे. मंचावर दिसायला हवा तो हा व्यवहार.

सगळ्यात उपयोगी पडतो तो ब्राझीलचे ऑगुस्तो बोआल यांनी रूढ केलेला फोरम नाटकाचा प्रकार. पश्चिम बंगालमध्ये १९८५ साली सुरू झालेली 'जन संस्कृती' ही संस्था तो खेड्यांत वापरते आहे. नाटक अडचणीच्या टोकाला नेऊन थांबवायचं, पुन्हा सुरू करायचं, आणि प्रेक्षकानं मध्येच उठून पात्राची जागा घ्यायची. आपल्याकडच्या प्रेक्षकाला हे परकं वाटत नाही. तमाशाच्या बतावणीतल्या सोंगाड्याला खालून उत्तर देणारी माणसं आहेत ही.

सुरुवात मात्र कागदांपासून होते. गट १५ ते १८ मुलांचा, वय ११ ते १६. बैठका घेणारे दोघं, त्यात एक बाई असलीच पाहिजे, आणि कोणीही एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटं बसायचं नाही. पालकांचं लेखी संमतिपत्र वाचून दाखवून मग सही किंवा अंगठा घ्यावा. मुलाला वेगळं विचारावं आणि कधीही सोडून जाता येईल हे स्पष्ट सांगावं. जागा शाळेची किंवा समाजमंदिराची. तांड्यावरची किंवा एखाद्या समाजाची मुलं जिथे पाय ठेवायला बिचकतात, ती जागा कितीही प्रशस्त असली तरी घेऊ नये. वेळ संध्याकाळी पाच ते साडेसहा, म्हणजे मुली अंधाराआधी घरी पोचतात. आठवड्यातून दोन बैठका धरल्या तर बारा बैठकांना दीड महिना लागतो. सामान फार नको: एक हलगी, दोन ओढण्या, एक दोरी, खडू, पुठ्ठ्याचा मोबाईल आणि खोट्या नोटांचं पुडकं. ते पुडकं फार महत्त्वाचं आहे, पुढे येईल.

पहिल्या बैठकीआधी आणखी एक गोष्ट हातात हवी: मूल काही सांगून बसलं तर काय करायचं, याचा ठरलेला क्रम. खेळता खेळता मुलं बोलतात, आणि तेव्हा विचार करत बसायला वेळ नसतो. 'मी कुणाला सांगणार नाही' असं वचन कधीच द्यायचं नाही. 'सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही, आता मदत करू शकणाऱ्या माणसाला मला हे सांगावं लागेल' एवढंच म्हणायचं. खोदून प्रश्न विचारायचे नाहीत. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह त्याच दिवशी लिहायचे आणि १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन करायचा. धोका दारात असेल तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या) कायद्यानुसार ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. घरच्यांना आधी जाब विचारायला जाऊ नये. त्या रात्रीतूनच मूल दुसऱ्या गावी हलवलं जाण्याची भीती असते. बाल कल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला असावा. चालतो का, हेही आधी लावून बघावं.

पहिल्या तीन बैठका निव्वळ खेळ. दोन ओळी समोरासमोर उभ्या करायच्या, एक ओळ चालत पुढे येते, दुसरी नको वाटेल तिथे हात वर करून 'थांब' म्हणते. मुलं आधी हसतात, मग कुणाचा हात किती लवकर वर येतो ते दिसायला लागतं. नंतर 'नाही' तीन प्रकारे म्हणायचं: मित्राला, मास्तरांना, आणि चुलत्याला. तिसरा सगळ्यात अवघड, कारण आपल्याकडे मोठ्यांना नाही म्हणणं म्हणजे उलटून बोलणं. म्हणून मुलांकडूनच वाक्यं काढून घ्यावीत: 'काका, आईला विचारून सांगते', 'बाई म्हणाल्या त्यांना सांगितल्याशिवाय शाळा सोडायची नाही'. वेळ मारून नेणारी ही वाक्यं धीट नकारापेक्षा जास्त कामाला येतात, आणि मार खायची पाळीही कमी येते.

चौथ्या ते सहाव्या बैठकीत पुतळे. चार-चार मुलांनी न बोलता एक चित्र उभं करायचं: 'मुकादम घरी आला', 'टोळी निघाली', 'शाळेतून नाव कमी झालं'. बाकीच्यांनी प्रत्येक पुतळ्याच्या खांद्याला हात लावून त्याच्या मनातलं वाक्य बोलायचं. इथे पक्का नियम: 'गावात काय ऐकलंय' हे विचारायचं, 'तुझ्या घरी काय झालं' हे विचारायचं नाही. कुठल्याही मुलाला स्वतःची गोष्ट स्वतः करायला लावू नये. त्यातून ना त्याला बळ येतं, ना ती चार दिवस गुपित राहते. पात्रांची नावं गावात कुणाचीच नसतील अशी घ्यावीत; आडनाव घेऊच नये.

सातव्या बैठकीपासून नाटक बांधायचं, बारा ते पंधरा मिनिटांचं, तीन प्रवेशांचं. एक चालणारा सांगाडा असा. पहिल्या प्रवेशात बापाला आजारपणाचं देणं आहे. मुकादम येतो, गोड बोलतो, म्हणतो, 'पोरगी आता थोराड झाली, माझ्या बघण्यात एक पोरगा आहे, जोडीनं जातील, उचल तुमच्या हातात ठेवतो.' दुसऱ्यात मुलगी हापशावर मैत्रिणीला सांगते, मैत्रीण म्हणते 'आपण काय करणार'. शाळेत बाई हजेरी घेता घेता पुढे निघून जातात. तिसऱ्यात नोटांचं पुडकं खाटेवर पडलेलं, बापाचा हात त्याच्याकडे निघालेला. इथे थांबायचं. लग्न झालेलं, ट्रक निघालेला दाखवला की प्रेक्षक हळहळतो आणि घरी जातो. करायला काही उरलेलं नसतं.

मुकादम मिशा पिळणारा खलनायक करू नका. त्याच्यावरही कारखान्याच्या कराराचं ओझं असतं, तो गावातलाच असतो, आणि प्रयोगाला समोर बसलेला असतो. हसतमुख, मदत करणारा मुकादमच प्रेक्षकांना खरा वाटतो. तसंच बापाला दारुडा करायचा मोह आवरावा, नाहीतर समोरचा प्रत्येक बाप 'आपण काय पीत नाही' म्हणून सुटतो.

सूत्रधार हे सगळ्यात अवघड काम, ते मोठ्या माणसानेच करावं. पहिल्यांदा नाटक सलग दाखवायचं. मग सांगायचं: आता पुन्हा सुरू करतो, जिथे वेगळं करता आलं असतं असं वाटेल तिथे टाळी वाजवून 'थांबा' म्हणा आणि पुढे या. मुलगी, आई, मैत्रीण, बाई, बाप, कुणाचीही जागा घेता येईल. मुकादमाची नाही, कारण तो एकाएकी सज्जन झाला तर प्रश्नच मिटतो. ऐन वेळी पोलीस येणं, लॉटरी लागणं ही जादू समजायची. प्रत्येक बदलानंतर दोनच प्रश्न: 'आपल्या गावात असं होईल का?' आणि 'मग मुकादम काय म्हणेल?' मुकादम करणाऱ्या मुलाला चार उत्तरं पाठ हवीत, नाहीतर तो पहिल्याच धमकीला गप्प बसतो आणि सगळं सोपं वाटायला लागतं.

प्रयोग जेवणं आटोपल्यावर, आठ-साडेआठला, बायका बसतील अशा जागी. पंधरा मिनिटं नाटक, चाळीस मिनिटं प्रेक्षकांची. पुढाऱ्याचं भाषण ठेवू नये. ठेवावंच लागलं तर शेवटी. कुणी उठून व्याख्यान द्यायला लागला तर सूत्रधारानं त्याला हाताला धरून मंचावर आणावं: 'करून दाखवा, दादा.' बायका पुढे येत नसतील तर बसल्या जागेवरून वाक्य सांगू द्यावं, मंचावरची मुलगी ते बोलेल. फोटो, व्हिडिओ पूर्ण बंद. प्रकरण बाल कल्याण समितीपुढे गेलं तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करता येत नाही, आणि आज नाचणाऱ्या मुलाचा व्हिडिओ उद्या कुठल्या प्रकरणात सापडेल सांगता येत नाही.

प्रेक्षकांकडून येणाऱ्या बहुतेक सूचना मुलीवरच ओझं टाकतात: तिनं पळून जावं, तिनं ठाम राहावं. पळून जाणं हे उत्तर सूत्रधारानं तसंच सोडू नये. पुढच्या स्टँडवर तिला कोण भेटेल ते करून दाखवायला सांगावं. मग प्रश्न मोठ्यांकडे वळवावा. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून गावात ग्रामसेवकच (आता पदाचं नाव 'ग्रामपंचायत अधिकारी') असतो. तो प्रेक्षकांत बसलेला हवा. मुख्याध्यापक हंगामी वसतिगृहाबद्दल आणि स्थलांतर करणाऱ्या मुलाला द्यायच्या शिक्षण हमी पत्रकाबद्दल त्याच रात्री बोलले तर 'पोरगी कुणाजवळ ठेवू' या आईच्या प्रश्नाला निदान एक उत्तर मिळतं. हे दोघं तयार नसतील तर प्रयोग आठवडाभर पुढे ढकलावा.

जी मुलं टोळीबरोबर जाणारच आहेत त्यांच्यासाठी हलगीवर एक छोटं गाणं बसवावं: आपलं गाव, तालुका, जिल्हा, आई-बापाचं पूर्ण नाव, कारखान्याचं नाव, मुकादमाचं नाव, घरातला एक फोन नंबर आणि १०९८. कोपीवर, म्हणजे तोडीच्या जागेवरच्या झोपडीत राहणाऱ्या मुलाला आपण कुठल्या तालुक्यात आहोत हे सांगता येत नाही, आणि मदत तिथेच अडते. कारखान्याचं नाव टोळी निघायच्या आठवड्यातच पक्कं कळतं, म्हणून त्या ओळीची जागा मोकळी ठेवून टोळी निघण्याआधी भरावी.

प्रयोगाला किती माणसं जमली याला फारसा अर्थ नाही. पंधरा दिवसांनी प्रत्येक मुलाला वेगळं विचारावं: अडचणीत जाशील तर कोणत्या दोन मोठ्या माणसांकडे? दोन नावं पटकन आली नाहीत तर त्या मुलासाठी काम अर्धंच झालेलं आहे. मग त्या माणसांना भेटून त्यांना हे माहीत आहे ना, ते विचारावं. गटातल्या मुलांची यादी शाळेकडे आणि ग्राम बाल संरक्षण समितीकडे ठेवावी, आणि एप्रिलमध्ये टोळ्या परतल्या की नावागणिक ताडून पाहावी. परतलं नाही अशा प्रत्येक नावाची चौकशी त्याच आठवड्यात करावी.