एकास चार एस.ई.५ए: आधी शेपूट, मग बाकी सगळं

माझा हात मूळचा कापडाचा. तीस वर्षं शिवणयंत्रावर काढली आणि विमानांकडे वळले ती एका फोटोमुळे. पहिल्या महायुद्धातला कारखाना, लांबलचक टेबलं, त्यावर पंखांचे लाकडी सांगाडे आणि दोन्ही बाजूंना हातात सुया घेतलेल्या बायका. विमानाचे पंख शिवायचे असतात हे मला त्या दिवशी कळलं. आता तिसरं मॉडेल पुरं झालंय, उडतंय, म्हणून हे सविस्तर लिहायला घेतलं. ज्यांनी छोटी बाल्साची विमानं केली आहेत आणि आता मोठ्या मापाला हात घालायचाय, त्यांच्यासाठी.

विमान निवडताना मी एस.ई.५ए घेतलं, म्हणजे पहिल्या महायुद्धातलं, वरखाली दोन पंखांचं ब्रिटिश लढाऊ विमान. त्याला दोन कारणं. पहिलं मनातलं. इंद्रलाल रॉय हा कलकत्त्यात जन्मलेला मुलगा ब्रिटिश हवाई दलाच्या ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये हेच विमान उडवत होता. ६ ते १९ जुलै १९१८ या काळात त्याने दहा हवाई विजय मिळवले आणि २२ जुलैला तो पडला. वय एकोणीस. दुसरं कारण बांधकामाचं. एस.ई.५ए ला लांब, चौकोनी नाक आहे. त्या काळच्या बऱ्याच लढाऊ विमानांचं नाक आखूड, इंजिन गोल फिरणारं. तशा विमानाचं मॉडेल केलं की शेपूट कायम जड पडते आणि नाकात शिसं भरत बसावं लागतं. इथे नाकच लांब, त्यामुळे इंजिनाचं वजन आपल्या बाजूने काम करतं.

माप आणि वजन

मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार ८.११ मीटर, लांबी ६.३८ मीटर. एकास चार केलं की २.०३ मीटर आणि १.५९ मीटर. दारातून बाहेर निघेल का, गाडीत मावेल का, हे आधी पट्टी लावून बघा. पंख सुटे होणार असले तरी धड आणि शेपूट एकसंध असते.

वजनाचा हिशोब वेगळा चालतो. लांबी चौथा हिस्सा झाली की क्षेत्रफळ सोळावा हिस्सा होतं आणि घनफळ चौसष्टावा. भरलेलं मूळ विमान सुमारे ९०० किलोचं, म्हणजे मापाप्रमाणे मॉडेल १४ किलोचं होतं. तेवढं करू नका. पंखांचं क्षेत्रफळ जवळपास १.४ चौरस मीटर मिळतं. त्यावर ९ किलो ठेवलं तर विमान हळू, तरंगत उतरतं. माझं ८ किलो ७०० ग्रॅम भरलं.

म्हणून पहिलं हत्यार म्हणजे ग्रॅम दाखवणारा वजनकाटा. बाल्साच्या एकाच मापाच्या दोन फळ्या घ्या, एक दुसरीच्या दुप्पट भरू शकते. प्रत्येक फळीवर पेन्सिलीने वजन लिहा आणि तीन ढीग करा. हलकी शेपटीला, मधली पंखाच्या रिबांना (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्यांना), जड नाकाला. एवढं केल्याशिवाय आराखडा टेबलावर पसरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

शेपूट

बहुतेक जण धडापासून सुरुवात करतात. मी शेपटीपासून करते, कारण तिथला हात अजून ताजा असतो, घाई नसते आणि तिथेच वजन सगळ्यात महाग पडतं. या विमानात तोलबिंदूपासून शेपूट जितकी लांब आहे, त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर इंजिन येतं. म्हणजे शेपटीत १०० ग्रॅम जास्त गेले की नाकात ३०० ग्रॅम घालावे लागतात. माझ्या पहिल्या मॉडेलला (ते वेगळं विमान होतं) शेपटीच्या कडा जाड फळीतून कापल्या होत्या. शेवटी ७०० ग्रॅम शिसं नाकात गेलं. ते विमान उडालं, पण उतरताना दर वेळी धावायचं.

कडा पट्ट्या वाकवून करा. दीड मिलिमीटर जाडीच्या, पाच मिलिमीटर रुंदीच्या बाल्साच्या चार-पाच पट्ट्या कोमट पाण्यात भिजवा. जाड पुठ्ठ्याचा किंवा प्लायवूडचा साचा कापा, त्याच्या कडेला मेण घासा म्हणजे गोंद चिकटत नाही. पट्ट्या आधी कोरड्या न करता साच्याभोवती वाकवून बांधून ठेवा, रात्रभर सुकू द्या, मग सोडून लाकडाचा पिवळा गोंद लावून पुन्हा बांधा. दोन दिवस लागतात, पण कडा पिसासारखी हलकी होते आणि कितीही दाबा, मोडत नाही. माझी पूर्ण शेपूट, सुकाणू आणि कापडासकट, २९० ग्रॅम आली.

मूळ विमानात शेपटीचा आडवा पंख वैमानिकाला उडता उडता वरखाली कलता करता यायचा. मॉडेलमध्ये तो जमिनीवर बदलता येईल असा ठेवा. मागच्या बाजूला एक स्क्रू पुरतो. पहिल्या उड्डाणानंतर त्याचा फार उपयोग होतो.

सुकाणू आणि एलेव्हेटर (नाक वरखाली करणारी शेपटीची झडप) हलवायला सर्व्हो, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर चालणारी छोटी मोटर, शेपटीत बसवू नका. तोलबिंदूजवळ बसवा आणि दोन्ही बाजूंनी ओढणाऱ्या तारा मागे न्या. मूळ विमानातही ताराच होत्या, त्यामुळे दिसायलाही तेच खरं.

धड आणि पंखांचा सांगाडा

धड म्हणजे चार लांब दांड्यांची पेटी. दोन्ही बाजू एकावर एक ठेवून बांधा, म्हणजे जुळ्या होतात. मग आराखड्यातल्या वरून दिसणाऱ्या चित्रावर उभ्या करून आडव्या काठ्या लावा. प्रत्येक चौकटीत दोन्ही कर्ण मोजा. गुण्या लावून काटकोन बघितला तरी कर्ण मोजाच, कारण एका टोकाला दिसत नसलेला फरक दुसऱ्या टोकाला सेंटिमीटरभर होतो. इंजिन बसतं ती पाटी बर्च प्लायवूडची, सावकाश सुकणाऱ्या इपॉक्सीने चिकटवलेली आणि शिवाय लाकडी खिळ्या ठोकलेली. इथे हात आखडू नका.

रिबांसाठी प्लायवूडचे दोन साचे करा. बाल्साचे सगळे तुकडे त्यांच्यामध्ये दाबून दोन बोल्टांनी आवळा आणि लांब पॉलिश पेपरने एकदम घासा. सगळ्या रिब एका घासणीत एकसारख्या. पुढच्या कडेला मुख्य रिबांच्या मध्ये अर्ध्या रिब येतात, त्या गाळू नका. कापड चढल्यावर पुढच्या कडेचा जो किंचित लाटांसारखा आकार दिसतो, तो त्यांच्यामुळेच. स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य दांड्या, मात्र स्प्रूस लाकडाचे, सरळ रेषांचे, गाठ नसलेले.

चारही पंखांना एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या मागच्या कडेच्या झडपा) आहेत. वरच्या आणि खालच्याला जोडणारी तार असते, म्हणून सर्व्हो फक्त खालच्या पंखांत.

कापड

इथे मी रेंगाळणार आहे, कारण या मापात डोळा पहिल्यांदा कापडावरच जातो.

इस्त्रीने आकसणारं पॉलिएस्टर कापड घ्या, विणीचं, गुळगुळीत फिल्म नको. थान उलगडलं की किनार शोधा. उभा धागा पंखाच्या लांबीच्या दिशेने गेला पाहिजे. उरेब कापलं तर कापड एका बाजूला जास्त ताणलं जातं आणि रिबांच्या मध्ये तिरक्या सुरकुत्या पडतात. त्या सुरकुत्या इस्त्रीने जातात, पण चार दिवसांनी परत येतात.

पंखाची खालची बाजू आधी. ती किंचित खोलगट आहे, त्यामुळे ताणलेलं कापड रिबांपासून सुटून सरळ व्हायला बघतं. प्रत्येक रिबेवर गोंद लावून दाबून घ्या. कडेला सगळीकडे चिकटवा, पण आकसवू नका. मग लगेच वरची बाजू चढवा. दोन्ही बाजू चिकटल्यावरच इस्त्री, आणि तीही आळीपाळीने: थोडी वर, थोडी खाली, पंख सपाट टेबलावर वजनाखाली. हे मी शिकले ते पंख गमावून. वरची बाजू संध्याकाळी पूर्ण ताणून झोपले, सकाळी पंखाला टोकाशी दोन बोटं पीळ पडला होता. लाकूड तसंच बसलं होतं, उलगडून पुन्हा केलं तरी सरळ झालं नाही.

आता टाके. खऱ्या विमानात हवा पंखाच्या वरच्या कापडाला वर ओढते, ते रिबेवरून उखडू नये म्हणून मेण लावलेल्या दोऱ्याने कापड रिबेला आरपार शिवायचे. आपल्या मॉडेललाही त्याचा खरा उपयोग आहे, खालच्या खोलगट बाजूसाठी. लांब सुई घ्या. दोरा मेणाच्या वडीवरून तीनदा ओढा, म्हणजे गाठ घसरत नाही. सुई रिबेच्या एका अंगाला खालून वर, मग दुसऱ्या अंगाने वरून खाली, गाठ खाली, रिबेच्या कडेला. मधोमध गाठ घेतली तर ती पट्टीखालून उंचवट्यासारखी दिसते. गाठ आवळताना बोटाला कापड किंचित दबलेलं जाणवलं पाहिजे. रिब करकरली तर दोरा सैल करा, बाल्सा चिरतो. टाक्यांमधलं अंतर मी १९ मिलिमीटर ठेवते, आणि पुढच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) झोतात येणाऱ्या रिबांवर त्याच्या निम्मं. चारही पंखांना मला अकरा संध्याकाळी लागल्या.

टाक्यांवर दहा मिलिमीटरची पट्टी येते. त्याच कापडाची कापा आणि दोन्ही काठांचे दोन-दोन धागे ओढून काढा. ही सुटलेली झालर डोपमध्ये (कापडावर देतात त्या लाखेसारख्या द्रवात) बसली की कडा नाहीशी होते. पट्टी कात्रीच्या सरळ काठाने चिकटवलेली मॉडेलं मी पाहिली आहेत, फोटोत ती चिकटपट्टीसारखी दिसतात.

रंग फार जाड देऊ नका. वरचा रंग पीसी१०, पिवळ्या मातीचं लोहाचं रंगद्रव्य आणि काजळी मिसळून केलेला. काजळी कमी-जास्त झाली की तो हिरवट खाकीपासून चॉकलेटी तपकिरीपर्यंत कुठेही जातो, तेव्हा 'अचूक छटा' शोधत महिने घालवू नका. पंखांची खालची बाजू रंगवायची नाही, ती डोप दिलेल्या लिननची, सायीच्या रंगाची. सुकाणूवर निळा पट्टा पुढे, मग पांढरा, मग लाल. १९३० पासून हा क्रम उलटा झाला, त्यामुळे नंतरच्या विमानांचे फोटो बघून रंगवाल तर चुकाल.

तारा

या मापात तारा खऱ्या, भार घेणाऱ्याच हव्यात. धडाच्या खालून वरच्या पंखाकडे जाणाऱ्या तारा उडताना भार घेतात, वरून खालच्या पंखाकडे येणाऱ्या जमिनीवर. आधी जमिनीवरच्या लावा आणि पंखांचा कल पाणसळीने बघा. मग उडण्याच्या. वरच्या-खालच्या पंखांमधल्या प्रत्येक खांबाच्या पायापासून शेपटीच्या टोकापर्यंत दोरीने माप घ्या, डावं-उजवं तीन मिलिमीटरच्या आत आलं पाहिजे. तारा वीणेसारख्या ताणायच्या नाहीत. खांब बाकदार दिसायला लागला की तार जास्त झाली. मूळ तारा गोल नव्हत्या, चपट्या होत्या, वाऱ्याला धार दाखवणाऱ्या. मी नायलॉन चढवलेली पोलादी तार वापरली आणि दुरून ती पुरते. जवळून फरक कळतो, आणि तो मला अजून सलतो.

बंदुका वगैरे

एक व्हिकर्स मशीनगन नाकावर डावीकडे, एक लुईस मशीनगन वरच्या पंखावर, खाली सरकणाऱ्या वळलेल्या रुळावर. त्या हलक्या करा, लुईस तर कागदाच्या नळ्या आणि बाल्साचीच, कारण ती उंचावर बसते. संदर्भाला इंग्लंडमधल्या शटलवर्थ संग्रहातलं एफ९०४ बघा. ते अजून उडतं आणि त्याचे जवळून काढलेले फोटो भरपूर आहेत. त्याला वूल्सली वायपर इंजिन आणि दोन पात्यांचा पंखा आहे. गिअरवालं हिस्पानो इंजिन दाखवायचं असेल तर चार पाती लागतील. एकाच विमानात दोन्हींची सरमिसळ करू नका.

पहिलं उड्डाण

तोल आराखड्यात दिलेल्या बिंदूवर, पेट्रोलची टाकी रिकामी ठेवून तपासा. शंका असेल तर नाक थोडं जड चालेल, शेपूट जड अजिबात नको. वारा पडलेला असावा, विमान वाऱ्याच्या तोंडाला. आधी अर्धा तास नुसतं जमिनीवर पळवा. वळताना एलेरॉनबरोबर सुकाणू द्यावंच लागतं, नाहीतर नाक उलट्या बाजूला झुकतं. आणि उतरताना इंजिन एकदम बंद करायचं नाही. इतक्या तारा आणि खांब हवेला अडवतात की जोर काढताच वेग मरतो. चाकं टेकेपर्यंत थोडा जोर ठेवा. मी पहिलं उड्डाण अनुभवी माणसाच्या हाती दिलं आणि स्वतः शेजारी उभी राहून फक्त पंखांकडे बघत होते.

विमान थांबल्यावर इंजिन गार होऊ द्या आणि सगळ्या तारा बोटाने दाबून बघा. पहिल्या उड्डाणानंतर त्या सैल पडतातच, माझ्या डाव्या बाजूच्या दोन पडल्या होत्या. मग पंख उलटे करून खालच्या बाजूने प्रत्येक रिबेवरून अंगठा फिरवा. गाठ सुटली असेल तर पट्टी तिथे किंचित उचललेली लागते. ती त्याच दिवशी उसवून नवा टाका घाला.