मिसिओनेसमध्ये येर्बा मातेचा मळा पाहायला जाताना

अर्जेंटिनाच्या ईशान्य टोकाला, पॅराग्वे आणि ब्राझील यांच्या बेचक्यात असलेल्या मिसिओनेस प्रांतात एखाद्या शेतकरी कुटुंबाकडे राहून येर्बा मातेचा, म्हणजे ज्याच्या पानांपासून 'माते' हे कडवट पेय करतात त्या झाडाचा, मळा पाहायचा असेल, तर प्रवास एप्रिल ते सप्टेंबर या काळात ठरवावा, कारण मुख्य तोडणी तेव्हाच चालते. आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा तिथे हिवाळा असतो, म्हणून स्वेटर सोबत घ्यावा. पोसादास या राजधानीहून आपोस्तोलेस किंवा ओबेरा गाठावे. पांढरे बूट मात्र नेऊ नयेत. तिथली लाल माती कोकणातल्या मातीसारखीच चिवट असून धुतल्याने पुरती जात नाही.

घरात पाऊल टाकताच, मळ्याच्याही आधी, माते समोर येते. भोपळ्याच्या लहानशा पात्रात येर्बा, म्हणजे त्या झाडाचा वाळवून भरडलेला पाला, भरून त्यावर साधारण ७० ते ८० अंशांचे, उकळी न आलेले पाणी ओततात आणि 'बोंबिया' नावाच्या, टोकाला जाळी असलेल्या नळीने ते ओढून पितात. (नाव ऐकून बोंबील आठवला तरी चेहरा गंभीर ठेवावा.) पहिले पात्र ओतणारा स्वतः पितो, कारण तेच सर्वांत कडू असते. आपली पाळी आली की नळी ढवळू नये, पात्र रिकामे होईपर्यंत प्यावे आणि मुकाट्याने परत द्यावे. परत देताना 'ग्रासियास' म्हटले, तर त्याचा अर्थ 'मला पुरे' असा होतो आणि पुढच्या फेरीत पात्र आपल्याला वगळून जाते.

मळ्यात यजमानांसोबत सकाळीच जावे. मोकळे वाढू दिले तर हे झाड दहा मीटरांच्याही वर जाते, पण तोडणी सोपी व्हावी म्हणून ते छाटून बुटके ठेवलेले असते. 'तारेफेरो' म्हणजे तोडणी कामगार फांद्या कापून जमिनीवर अंथरलेल्या कापडात टाकतात आणि चारी कोपरे बांधून मोठाले गाठोडे करतात. त्यांची मजुरी वजनावर ठरत असल्यामुळे छायाचित्रासाठी त्यांना थांबवणे म्हणजे त्यांचे पैसे बुडवणे होय. बाजूला उभे राहून पाहावे आणि विचारायचे ते विश्रांतीच्या वेळी विचारावे.

त्याच दिवशी वाळवणीचा कारखाना, म्हणजे 'सेकादेरो', दाखवण्याची विनंती अवश्य करावी, कारण खरी गंमत तिथे आहे. तोडलेला पाला काळा पडू नये म्हणून २४ तासांच्या आत फिरत्या पिंपातून काही सेकंद थेट ज्वाळांवरून नेला जातो, त्या वेळी पाने तडतडतात आणि धुराचा वास कपड्यांत बसतो. पुढे वाळवून आणि भरडून तो पोत्यांत मुरत ठेवतात. नैसर्गिक पद्धतीत हे मुरणे ९ ते २४ महिने चालते, म्हणजे सकाळी आपण प्यायलेले माते बहुधा मागच्या एखाद्या हंगामातले असते.

शाकाहारी मंडळींनी तसे आधीच कळवावे, कारण पाहुण्यासाठी मांस भाजणे हा तिथला नित्याचा पाहुणचार आहे. कणीक तेलात परतून केलेला 'रेविरो' आणि कसावा या कंदाच्या पिठाची चीज घातलेली 'चिपा' हे पर्याय चांगले आहेत, परंतु चिपात अंडे आणि दोन्हींत डुकराची चरबी असू शकते, हे खाण्यापूर्वी विचारून घ्यावे.